कंदुरीचा डबा

कल्याणदादास,

हसनाबादेत कुणाचीबी नवसाच्या बोकडाची कंदुरी असो, तुझा मटणाचा डबा मंठ्याला मला पोचतोच. काल फोनवर तुला म्हणले, मटण झकास झाल्तं. खरं म्हणजे मी चाखलंबी न्हाई. आतड्याला सूज आली तव्हापासून डॉक्टरीणबाईनं मटण बंद केलंय. शेजारच्यांनी खाल्लं.

तू म्हणतोस, मटणाबिगर अंगात रक्त कसं भरायचं? अरे, मी उकडलेली अंडी खाते, ताकातल्या कण्या खाते. मुगाच्या पातळ वरणात शेवग्याचा कवळा पाला टाकते. तपासणीत रक्त वाढलेलं निघालं, पोटबी शांत हाय.

हे कळलं तर तू डबा बंद करशील, म्हणून आजवर गप राह्यले; आता लिहूनच टाकते. भावाचा डबा रिकामा परत धाडू नये, म्हणून दर वेळी त्यात तेच वरण भरून देते.

इथवर लिहिलं अन् वहिनीचा फोन आला. म्हणल्या, "साळूबाई, तुमचे दादा मटणाला हात लावून न्हाई राह्यले. खाल्लं की पोटात आग पडती. तुम्हाला सांगू नको म्हणतात. तुमच्या वरणाची मात्र वाट पाहतात."

मंग हे पत्र कशाला धाडू? डबा घासून ठेवलाय, मूग शिजून राह्यलेत.

तुझी,
साळू