हात कुणाचा हलतो

मालवण,
१४ जुलै २०२५

चि. केयूर यास अक्काआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तू दुरुस्त करून पाठवलेली लेन्स पोचली. दुरुस्त हा शब्द तुझा. मी तो पुराव्याअभावी मान्य करत नाही. सोबत तीन प्रिंट आहेत. फोनवर पाठवले असते तर तू ते अंगठ्याएवढे बघून "छान" लिहिलं असतंस.

आपल्या गणपतीच्या चित्रशाळेला यंदा साठ वर्षं होतात, म्हणून गुरूचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, गणपतीचे डोळे आखतानाचा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा आहे. मूर्ती आता कुठेही मिळतात. लोक आपल्याकडे येतात ते गुरूने आखलेल्या डोळ्यांसाठी. कॅमेरा स्टँडवर चढवला, लेन्सवरचं ते थरथर सावरायचं बटण चालू केलं, आणि तरी गणपती, गुरू, मागची खिडकी, सगळं धूसर. वर लेन्समधून डास अडकल्यासारखा आवाज येतो.

फोटो बघून गुरू म्हणाला, अक्का, म्हातारी झालंस गो, कळ दाबताना हात तुझो हालता आणि फोटो माझो बिघडता. कुडाळहून तुझी बहीण चारुता लगेच फोनवर: आत्याने कॅमेरा रंगकाम करणाऱ्या सत्यवानाकडे द्यावा आणि स्कूटर विकून टाकावी. बहात्तराव्या वर्षी हे ऐकायचं! कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनाने चार रेघांच्या वहीत बसवलेला हात आहे हा. आजही सुईत दोरा पहिल्या खेपेला जातो.

उत्तर पोस्टाने धाड. फोन गुरू उचलतो. लोभ आहे, पण तूर्त त्यात लेन्स धरू नये.

अक्काआत्या


पुणे,
१९ जुलै

ती. स्व. अक्काआत्यास केयूरचा सा. न. वि. वि.

प्रिंट मिळाले. छान असं लिहिणार नाही.

चूक माझी, सांगायचं राहिलं. स्टँडवर ते बटण बंद ठेवायचं. लेन्सच्या पोटात एक भिंग तरंगतं ठेवलेलं असतं. धरणाऱ्याचा हात जरा ढळला की ते आतल्या आत उलट सरकतं आणि चित्र जागेवर ठेवतं. बोटीवर होकायंत्र कड्यांमध्ये टांगलेलं असतं, बोट कलली तरी ते सपाट राहतं, तसा काहीसा प्रकार. डासाचा आवाज त्या यंत्रणेचा. पण ही लेन्स जुनी आहे. काहीच हलत नाहीये, हे तिला पटत नाही. ती हलणं शोधत बसते आणि नसलेलं सावरायला जाऊन स्वतःच चित्र हलवते. आपल्या घरात अशी माणसं आहेत. नावं घेत नाही.

तेव्हा एक फोटो स्टँडवर, बटण बंद करून. दुसरा हातात धरून, बटण चालू. कळ अर्धी दाबून क्षणभर थांब, चित्र स्थिरावलं की पूर्ण दाब. पावसाळी उजेडात कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो, म्हणून बाबांना अजिबात हलू नका म्हणावं.

स्कूटर इतक्यात विकू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

केयूर


मालवण,
२५ जुलै

चि. केयूर यास अ. उ. आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे दोन्ही फोटो काढले, प्रिंट सोबत आहेत. दोन्हींत मुकुटावरचा मणी न् मणी मोजून घ्यावा. खिडकीचे गज सरळ. हातात धरून काढलेल्यातसुद्धा! एक प्रत चारुताला पाठवली आहे. स्कूटरबद्दल तिचं मत अजून आलेलं नाही.

पण लेन्स तू अर्धीच दुरुस्त केली आहेस. गुरूची बोटं आणि ब्रश लोकरीचे असल्यासारखे दिसतात. एक्स-रेला बसवतात तसं त्याला बसवलं होतं, ब्रश डोळ्यापाशी धरून, श्वास रोखून. कोपर स्पष्ट, सदऱ्याचं बटण स्पष्ट, मनगटाच्या पुढे धूर. सत्यवानाला कळ दाबायला लावली, तरी तेच. गुरू म्हणतो, लेन्सच खराब आसा, परत धाड. दहा दिवसांपूर्वी माझा हात खराब होता. चित्राच्या एवढ्याच तुकड्यात बिघडणारी लेन्स माझ्या तरी ऐकिवात नाही. तू शिकलास त्यात आहे का?

तब्येतीची काळजी घे. माझा हात ठीक आहे, तशी नोंद आता फोटोतच झाली आहे.

अक्काआत्या


पुणे,
३० जुलै

ती. स्व. अक्काआत्यास सा. न. वि. वि.

तुझे प्रिंट दोन दिवस माझ्या टेबलावर आहेत. तशीच दुसरी लेन्स लावून, दुकानातल्या एकाला ब्रश धरून बसवून मी फोटो काढले. त्याची बोटं नीट आली.

लेन्स चांगली आहे. तुझा हात चांगला आहे. ती लेन्स फक्त कॅमेरा धरणाऱ्याचं हलणं सावरते. समोरचा हलत असेल तर त्यावर तिच्याकडे इलाज नाही.

एकच विचारतो. बाबा हल्ली चहाचा कप कुठल्या हाताने उचलतात? मी एप्रिलमध्ये आलो तेव्हा ते बराच वेळ कपाला हातच लावत नव्हते. मला वाटलं, चहा गरम असेल.

लवकर लिही. एवढंच मागणं.

केयूर


मालवण,
६ ऑगस्ट

चि. केयूर यास अ. उ. आशीर्वाद.

डाव्या. मी रोज समोर बसते आणि मला ते तू पुण्याहून विचारल्यावर दिसलं. लेन्सला ठेवलेली नावं परत घेते.

प्रिंट नेऊन गुरूपुढे ठेवले. बराच वेळ बघून, मुकुट बरो इलो, म्हणाला. मी तिथून उठले नाही. तेव्हा म्हणाला, शिमग्यापासून आसा. मग माझ्यावर का ढकललंस, असं विचारलं, तर म्हणे, तुझो हात हाललो तर कोणाचो गणपती अडाचो नाय. त्यावर मी एक अख्खा दिवस त्याच्याशी बोलले नाही. जेवायला बोलावलं तेही इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. माझ्या स्कूटरवर, मागे बसवून. हे चारुताला कळव. गोळ्या दिल्या आहेत. गुण यायला वेळ लागेल म्हणाले. चतुर्थी एकवीस दिवसांवर आहे आणि सत्तावीस मूर्तींचे डोळे बाकी होते. सत्यवान रंग उत्तम देतो, पण त्याने आखलेला गणपती निकालाच्या दिवशीच्या मुलासारखा बघतो.

सिस्टर फिलोमिना लिहायला शिकवताना मुलीचा हात वरून धरत नसे. वरून धरला की बोटं आखडतात, म्हणायची. ती आपला पंजा मनगटाखाली द्यायची आणि अक्षर आमचं आम्हालाच काढू द्यायची. काल सकाळी मी गुरूशेजारी पाट घेतला आणि त्याच्या मनगटाखाली हात दिला. पहिला डोळा बिघडला, पुसला. दुसऱ्याला, माका शिकवू नको, असं मला ऐकवण्यात आलं. त्यानंतर मात्र गणपती बघायला लागले. काल पाच झाले.

फोटो अजून व्हायचाच आहे. मला काढता येणार नाही, माझा हात मोकळा नसतो. आणि सत्यवान माणसांची डोकी कापतो. तेव्हा तू ये. चतुर्थीपर्यंत थांबू नकोस. स्टँड आणू नकोस, कॅमेरा हातात धर आणि ते बटण चालू ठेव. आम्ही दोघं हलणार नाही. तुझं सांगता येत नाही.

लोभ होता तिथेच आहे.

अक्काआत्या