उपडा माठ

प्रिय नकुल,

आफ्रिकेच्या वाळवंटातल्या तुमच्या प्रयोगाच्या गावातून तू सेल्फी पाठवलास. इथे अमेरिकेत, सनीव्हेलला ऑफिसात तो झूम केला. तुझ्या दारातला माठ उपडा आहे.

तुला वाटेल, कुणी धुऊन ठेवलाय. मी तिथे असताना स्वयंपाकघरात काम करायचे, म्हणून मला माहीत आहे. गावाच्या समितीला कुणाला हाकलायचं असलं की सभेआधीच त्याचा माठ उपडा करतात. मग त्याला कुणी पाणी देत नाही. मागच्या वेळी हाकललेला माणूस वाळूत मेलेला सापडला.

पळ, एवढंच सांगायचंय. पण आलेला प्रत्येक मेसेज सभेत मोठ्यानं वाचायचा, हा नियम तुझाच. मराठीत लिहिलं तरी अर्थ तूच सांगणार, आणि तुला खोटं बोलता येत नाही. त्यासाठीच तर तुझ्या प्रेमात पडले. पण तुला कळलंय हे समितीला समजलं, तर ती तुला निघूच देणार नाही.

म्हणून हे पाठवत नाहीये. ‘सेल्फी मस्त’ एवढाच रिप्लाय केलाय. तो तू सभेत हसत वाचशील.

तुझीच,
स्वानंदी