उद्याच्या पाठाआधी

साराम्मा,

पहिल्या बसने रान्नीला, ईप्पनकडे निघालोय. उद्याच्या उपासनेतला बायबलचा पाठ तुला ठाऊकच आहे: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. दर तीन वर्षांनी या पाठाचा रविवार आला की मी शेजारच्या पाळकाशी चर्च बदलून घेतो. काल भांडी घासता घासता तू म्हणालीस, "पाठ चुकवता येतो हो, सख्खा भाऊ कसा चुकवाल?" लागलं मला ते.

अम्माच्या दफनाच्या वेळी मी ईप्पनला प्रार्थना करू दिली नाही. आपलं चर्च सोडून तो पेंतेकोस्त झाला होता, एवढाच त्याचा गुन्हा. झगा माझ्या अंगावर होता, पण आई दोघांची होती.

अम्माचं बायबल घेऊन जातोय, शोधत बसू नकोस. टेबलावरचं प्रवचन चुलीत घाल. फार छान जमलंय, म्हणूनच.

रात्री कप्प्याचे कंद उकड आणि मासळी कर, तिघांपुरती. उद्या उपासनेपर्यंत आलो नाही, तर घंटा वेळेवर होऊ दे आणि पाठ तू वाच. लोकांनी प्रवचनाचं विचारलं तर सांग, तुमचे पाळक अच्चन अजून भावाच्या दारात बसलेत.

जॉर्जकुट्टी