जपानी बारमधला निरोप

केंब्रिज, रविवार

प्रिय शार्दूलदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आईकडे जाऊन आलास का? तिचा गुडघा कसा आहे?

मी बरी आहे. शुक्रवारी ऑफिसच्या टीमने मला एका जपानी बारमध्ये नेलं. तिथले एक म्हातारे बारटेंडर सुरीने बर्फ तासून गोल करत होते. आम्ही बघत राहिलो.

ग्लास पुढे ठेवत त्यांनी विचारलं, "आज काय सेलिब्रेशन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "माझी नोकरी गेली."

ते वाकून म्हणाले, "सावकाश घ्या. घाई नाही."

मला तिथेच रडू फुटलं. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर परत यावं लागेल, दादा.

आईला एवढ्यात सांगू नकोस. टीमने टाकलेला त्या पार्टीचा फोटो बघून तिला वाटलं, मला प्रमोशन मिळालं. तिने सोसायटीत पेढे वाटलेत.

तुझीच,
ऋजुता