तुह्या चपला मी नेल्या

माय,

तू झोपली होती म्हणून उठवलं नाही. बाभुळगावच्या दारूबंदी मोर्च्याले आज जाऊ नको. नोकरीतला माझा पह्यला बंदोबस्त तिथंच लागला. बाया पुढं घुसल्या की आम्हा पोरींनाच काठ्या घेऊन आडवं व्हायचं आहे, अन् घुसणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तूच असतं.

सुग्रा चाची बोलवाले आली तर गुडघा दुखते म्हण. धुण्याच्या वेळी बरोबर दुखते तो! तुह्या चपला मी नेल्या.

तरी तू अनवाणी येशीन, मले ठाऊक आहे. सायबानं 'मारा' म्हटलं तर मी काय करीन, याचंच मले भेव आहे. आलीच, तर दुसऱ्या पोरीपुढं नको, माझ्याच पुढं उभी राह्य.

दीपा