अर्धी जोडी

६ मार्च २०१२, मंगळवार

भांडले! पाकिस्तानवरून भांडले! राळेगावच्या पलीकडे कामाशिवाय न जाणारे हे दोन म्हातारे — आणि भांडण कशावरून, तर पाकिस्तानवरून!

काल सरकारनं कापसाची निर्यात बंद केली, आज भाव पडला. आमचा सगळा कापूस अजून मधल्या खोलीत आहे, पार छपरापर्यंत. महिना झाला, आम्ही दोघं ओसरीत झोपतो आणि कापसातल्या किड्यांमुळे खाजवत बसतो. तेव्हा हे चिडले यात नवल नाही. पण ह्यांचे जुने मित्र बाबाराव भाऊजी आमच्याच ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "बरं झालं. आपला कापूस पाकिस्तानले कायले पायजे?" ह्यांनी समजावलं की जास्त माल चीनला आणि बांगलादेशला जातो. भाऊजी ऐकेनात. त्यांचा रजत फौजेत आहे, काश्मिरात. मग आमच्या ह्यांची जीभ घसरली — "पोरगा फौजेत हाय म्हून देशाची सारी अक्कल तुह्याच घरी आली काय रे, बाबाराव?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. गोठ्यात गेले, आपला बैल पाखऱ्या सोडला आणि चालते झाले.

७ मार्च

अकरा वर्षं आमचा बाळ्या आणि त्यांचा पाखऱ्या आमच्याच गोठ्यात. दोन घरांचे एकेक बैल, मिळून एक जोडी. एका वर्षी आधी त्यांचं वावर वखरायचं, दुसऱ्या वर्षी आधी आमचं. आता एकट्या बैलानं काय होणार? ना शेतात वखर चालत, ना रस्त्यावर बंडी!

बाळ्यानं आज कडब्याला तोंड लावलं नाही. हेही जेवले नाहीत, पण ते मी बाळ्याएवढं मनावर घेतलं नाही.

८ मार्च, धुळवड

काल होळीच्या पोळ्या शेजारच्या लालीबाईच्या हाती भाऊजींकडे पाठवल्या. आज डबा परत आला — घासूनपुसून, आणि आत मूठभर तूरडाळ. रिकामा डबा पाठवू नये हे एवढ्या रागातही लक्षात राहिलं. बरं वाटलं मला.

१३ मार्च

बंदी उठली म्हणे, पण अर्धीच. ज्यांची नोंद आधी झाली त्यांचाच माल जाणार.

चौकात सगळ्या गावाला परराष्ट्र धोरण यायला लागलं आहे. एकजण म्हणतो बांगलादेशला चालेल, पाकिस्तानला नको. दुसरा म्हणतो चीनला तर मुळीच नको — आणि हे सांगणाऱ्याच्या हातात चिनी मोबाइल! निर्यात मोकळी करा म्हणून सह्यांचा कागद फिरतो आहे. ह्यांनी पहिली सही ठोकली. मी म्हटलं, मीही करते. "घरातली एक पुरे, काकू," कागदवाला म्हणाला. वेचणी करताना नाही म्हणत कुणी, घरातली एक पुरे! मी केलीच सही.

भाऊजींनी कागद न वाचता परत केला.

१९ मार्च

गावातला रूपसिंग ट्रॅक्टर घेऊन दारात. "काकी, दोघायचंबी वावर एका सकाळी वखरून देतो." हे म्हणाले, नको. तिकडे भाऊजीही म्हणाले, नको. ट्रॅक्टर आत आला म्हणजे जोडी मोडली हे कबूल करावं लागेल. दोघांनाही ते करायचं नाही. वेडे आहेत दोघं!

२३ मार्च, पाडवा

रजतचा फोन आला. त्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून शाळेचा डबा माझ्याकडूनच जायचा. अजूनही मनातलं मलाच सांगतो.

"काकू, बाबाले सांगजो नको." तो चौकीवर बंदूक रोखून उभा नाही. तिकडं सीमेवर एक गेट आहे, तिथं आहे. हप्त्यातून चार दिवस तिकडचे ट्रक इकडं येतात, इकडचे तिकडं जातात. हा माल तपासतो. "बाबा गावात सांगते, पोरगा पाकिस्तानच्या समोर छाती काढून उभा हाय. अन् मी त्यायच्या बदामाच्या पोत्यायत हात घालून राह्यलो!" खूप हसला. मीही हसले.

फोन ठेवल्यावर मात्र हसू गेलं. एवढं एक वाक्य ह्यांना सांगितलं की वाद मिटला, हे जिंकले. आणि भाऊजींना गावात मान वर करून फिरता येणार नाही.

नाही सांगणार.

१ एप्रिल

अगदी ओठांवर आलं होतं! हे म्हणत होते, "त्या बाबारावले व्यापारातलं काय समजते?" मी तांब्याभर पाणी प्यायले.

९ एप्रिल

हे रोज संध्याकाळी ओट्यावर भाऊजींची जागा मोकळी सोडून बसतात. माझा जीव तुटतो.

१४ एप्रिल

ठरलं. उद्या मीच जाते भाऊजींकडे. रजतचं काढायचं नाही. फक्त बैल मागायचा.

१५ एप्रिल

गेले. म्हटलं, "भाऊजी, पाखऱ्या द्या. पाकिस्तानचं दिल्लीवाले पाहतील." हसले नाहीत.

"विमल वैनी, रजत गेटवर हाय. चार महिने झाले, मले मालूम हाय. पुसदच्या एका जवानाच्या बापानं सांगतलं. ट्रक आला की सर्वात पह्यले ताडपत्री तोच उचलते. एखाद्या पोत्यात बदाम नसले तं? व्यापार बंद झाला तं गेट बंद होईन, वैनी. पोरगं तिथून हटन. मले दुसरं काई नाई पायजे."

घरी आले आणि ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी बाळ्याला सोडलं आणि त्याला घेऊन भाऊजींच्या गोठ्याकडे निघाले. भर उन्हात, पायात वहाणाही न घालता.