कॉम्प्रेसरच्या पोटातला कापूस

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
ठोंब्याचा सा. न. वि. वि.

पत्राला वास आला तर नाक धरून वाच. साबणाची वडी झिजली, पण माझ्या हातांचा वास काही जात नाही. काल आप्पांच्या दुकानाचं मागचं दार उघडलं. उघडलं म्हणजे खांद्याने ढकलून पाडलं म्हण. आत आपला कॉम्प्रेसर, बुडी मारणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये हवा भरणारं ते धूड, तू झाकून ठेवलंस तिथेच बसलंय. दुकान बंद करून आप्पा तुझ्याकडे राहायला आले तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे माणसांनी. उंदरांनी भरपूर लावलाय.

हवा आत ओढायची नळी सोडवली तर तिच्यात घरटं. चिंध्या, लेंड्या, आणि अगदी टोकाला एक वाळका उंदीर, शेपटीसकट. शी! मी धावत बाहेर गेलो आणि गटारावर वाकलो. शेजारच्या दुकानातला चावीवाला पोट धरून हसत होता, मेला. मग तेल सोडलं. ते वाहिलंच नाही, नासक्या दुधासारखं गुठळ्या गुठळ्यांनी डब्यात पडलं. आणि ताई, त्या डांबराच्या गोळ्या! मशीन म्हणजे काय तुझी लोकरीची शाल आहे? पंख्यामागे गोळ्या, पट्ट्याच्या जाळीत गोळ्या. उंदीर त्यांना भ्यायले नाहीत, मला मात्र डोकेदुखी मिळाली.

चिमीचं बुडीचं शिक्षण पुरं झालं हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू! सुट्टीत येऊ दे तिला. मामा-भाची मिळून पाण्यात उतरू. तोवर हे धूड धुऊनपुसून चालू करतोच. पण भावोजींचा अजून नकारच आहे का? त्या मशीनची हवा माझी पोरगी घेणार नाही, असं ते म्हणतात म्हणे. आणि त्यावर आप्पा काय म्हणत असतील ते मला इथे बसून ऐकू येतंय.

कळावे. मी घाणेरडा असलो तरी लोभ असू दे.
तुझा,
ठोंब्या

दि. ९ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जेवायच्या आधी उघडलं, चूक झाली. आमटीकडे बघवेना. डांबराच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलू नकोस. तू तेव्हा परगावी मजेत होतास, आणि मी एकटीने ते दुकान आवरलं. मशीनचं मला काय कळतं? कपाटात जे ठेवते तेच तिथे ठेवलं.

चिमीचं म्हणशील तर तिची पिशवी भरून दाराशी उभी आहे. पण ह्यांचा नकार कायम आहे. रोज जेवताना तोच विषय. आप्पा म्हणतात की बापाने एकदा पाण्यात उतरून घरदार ओकून भरवलं, आता लेकीलाही कोरडीच ठेवणार. लग्नानंतर आप्पांनी ह्यांना हौसेने बुडी मारायला नेलं होतं, ते तुला आठवत असेलच. वर आले ते पांढरेफटक, होडीभर उलट्या, आणि मग पुढचे दोन दिवस डोकं धरून पडलेले. तेव्हापासून ते आप्पांचे कोरडे जावई. गादी-उशांच्या दुकानातल्या माणसाने गादीवरच राहावं, पाण्यात येऊ नये, हा विनोद या घरात भातापेक्षा जास्त वेळा वाढला गेलाय. हे ऐकतात, ताट उचलतात आणि दुकानात जातात. आणि तरी आप्पांच्या अंघोळीचं पाणी तेच काढून ठेवतात.

आप्पांचा निरोप: मशीनला काही होत नाही, तेल घाल आणि चालू कर, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. माझा निरोप: चिमीच्या तोंडात जाणारी हवा आधी तू हुंगायचीस. आप्पांचीच पाटी आहे ना भिंतीवर, ‘हुंगल्याशिवाय भरू नये’? तेवढं पाळ. मग मी ह्यांची समजूत घालते.

अंग जप, आणि नखं काप.
तुझी,
ताई

दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भावोजींच्या समोर वाचायचं की नाही ते तू ठरव. मी ठरवू शकलो नाही.

मी सगळं रीतीने केलं. नळी नवी घातली, पट्टा बदलला, श्वासाच्या हवेला चालतं तेच तेल मागवून घातलं. आधी मोठं चाक हाताने फिरवून बघितलं, सगळ्या झडपा उघड्या ठेवून मशीन नुसतंच चालवलं. तळाच्या नळातून गंजाचं तांबडं पाणी आलं, ते जाऊ दिलं. तुझ्या गोळ्यांचा वासही गेला. मग हवेच्या तोंडावर पांढराशुभ्र रुमाल धरला आणि हुंगलं. ताई गं! उंदराचा वास याच्यापुढे अत्तर. जळकं तेल, आणि त्याच्याखाली काहीतरी आंबट, माणसाचं, आजाऱ्याच्या अंथरुणाला येतं तसलं. रुमालावर पिवळा डाग पडला.

म्हणून फिल्टरचं नळकांडं उघडलं. मला वाटलं होतं, त्यात हवा गाळायची विकतची सीलबंद कांडी असेल, जुनी, संपलेली. कांडी नव्हतीच. होता तो कापूस. तेलाने काळा, चिकट, दाबून दाबून बसवलेला, आणि मधे शेगडीतल्या कोळशाचा चुरा. चिमट्याने ओढत गेलो तसे केस निघाले, ताई. माणसांचे केस. मग उशीच्या खोळीचा एक तुकडा निघाला, निळ्या पट्ट्यांचा, काठाला हिरव्या दोऱ्याचा दुहेरी टाका. हिरव्या दोऱ्याने दुहेरी टाका कोण घालतं ते मी तुला सांगायला नको.

भावोजींच्या दुकानातून मशीन पुसायला म्हणून जुन्या कापसाचं पोतं यायचं, आठवतं? मीच सायकलवर बांधून आणायचो. ते पुसायला नव्हतं. आप्पा तो कापूस फिल्टरमध्ये कोंबत होते. तुझं लग्न झाल्याझाल्याच ते पोतं सुरू झालं, म्हणजे भावोजींनी पाण्यात जी हवा घेतली ती यातूनच आलेली. तसल्या हवेने चांगला पैलवान ओकला असता, नशीब वरती तरी आले. आणि आप्पा प्रत्येक सिलिंडर हुंगून पास करायचे, तपकिरीने बुजलेल्या नाकाने! त्या नाकाला मेलेलं जनावरसुद्धा कळलं नसतं. वर पाटी रंगवली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आप्पांना मी काही लिहीत नाही. लिहायला बसलो की तो कापूस डोळ्यांपुढे येतो. तो तुकडा उकळून, वाळवून सोबत पाठवतोय. नवी कांडी बसवेपर्यंत आणि हवा प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत मी एकही सिलिंडर भरणार नाही.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
ठोंब्या

दि. २४ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

मी तुझं पत्र जेवताना वाचलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. कापसापासून केसांपर्यंत सगळं. विनोद ज्या जागी होत होते त्याच जागी हेही व्हायला हवं होतं.

चिमी ताटावरून उठून गेली. हे तुकडा हातात घेऊन बसले. आप्पांनी घास थांबवला नाही. म्हणाले की तेव्हा सगळेच तसं करायचे, कापूस तो कापूस, आणि छातीत दम असलेल्याला वासबीस येत नाही. मी विचारलं की मग यांना इतकी वर्षं कोरडा कशाला म्हणालात. तर म्हणाले की गंमत कळायला पण अक्कल लागते. आणि तपकिरीची डबी मागितली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी डबी दिली नाही, ठोंब्या. त्यांच्या मिशीला वरणाचा थेंब लागला होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना. जन्मदात्याची किळस यावी यासारखं वाईट काही नाही. आजारपणात मी त्यांचं सगळं केलंय, तेव्हा कधी आली नाही. कालपासून त्यांचा पेला विसळतानाही नको वाटतं.

ह्यांनी तो तुकडा जपून ठेवलाय. तुला लिहायचंय म्हणाले. यांचं पत्र माझ्या आख्ख्या संसारात मला आलेलं नाही, तू नशीबवान.

जेवत जा वेळेवर.
तुझी,
ताई

दि. २६ एप्रिल

प्रिय मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

तुकडा खिडकीत नेऊन बघितला. टाका माझाच आहे. ती खोळ मी फक्त दवाखान्याच्या उशांना लावायचो. दवाखान्याने टाकून दिलेल्या उशा दुकानात यायच्या, त्यातला कापूस मी पिंजतसुद्धा नव्हतो, जाळायला बाजूला काढायचो. आप्पांनी मशीन पुसायला मागितला म्हणून दिला. आजाऱ्यांच्या डोक्याखालचा कापूस. त्या दिवसापासून मी चहासुद्धा नाक धरून पितो.

तुमची ताई विचारते की राग आला का. राग कमी, शिसारी जास्त. पण खरं सांगू, त्या तुकड्याने मला एक गोष्ट परत दिली. मलाही वाटू लागलं होतं की मी भित्राच आहे. चिमीला नाही म्हणताना तीच भीती बोलतेय, असं मनात यायचं. भित्रा नव्हतो, हे वयाच्या या टप्प्यावर कळलं. कळलं हे बरं झालं.

आप्पांची मान दुखते म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना उशी करून दिली. नवा शेवरीचा कापूस आणला, हाताने निवडला, एक बी राहू दिली नाही. काल दुपारी ते त्या उशीवर डोकं ठेवून घोरत होते. ते उठल्यावर मी उशी उचलली, म्हटलं फाडून टाकावी. हुंगली. तपकिरीचा वास येत होता. खोळ बदलली, ऊन दाखवलं आणि परत ठेवली. का ते मला विचारू नका, मला माहीत नाही.

हवेचा अहवाल आला की कळवा. चिमीला घेऊन मी स्वतः येतो. पहिल्या सिलिंडरचा पहिला श्वास मी घेणार, पाण्यात नाही, तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून. वास आला तर ते धूड भंगारात. नाही आला तर पोरगी तुमच्या हवाली, आणि मी पायरीवरच बसेन.

आप्पाही यायचं म्हणत होते. हुंगायला. मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणालो.

पाटी पुसू नका, तिच्यात काही चूक नाही.

कळावे. लोभ आहे तो मी न हुंगता घेतो.
तुमचा,
कोरडा जावई